ओट्यावरचं ताट

"मी नुसती बसते वहिनी, तुमचं चालू द्या." नवऱ्याला पुण्यात ठेवून एक शिकलेली बाई सुरतेला आमच्या लिंबायतच्या गल्लीत खोली घेऊन राहिली, तेव्हा आमच्या दारात चप्पल काढता काढता रोज हेच म्हणायची. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे कुणी नुसतं बसतं का? सासूबाई तिच्यापुढे साडी टाकायच्या आणि टिकल्या चिकटवायला लावायच्या. साडीपेक्षा जास्त टिकल्या हिच्या कोपराला!

एकदा मी विचारलंच, "तुझं काम तरी काय गं?"

"एथ्नोग्राफी."

"अगं बाई! हे काय आणखी?"

ती हसली. "जर्मन पंडितांनी ग्रीक शब्द जोडून केलेला शब्द आहे. एथ्नॉस म्हणजे एका रीतीभातीचे लोक, आणि पुढचा भाग लिहिण्याचा. लोकांत राहायचं, त्यांचं जगणं समजून घ्यायचं, मग लिहायचं."

"मंग आधी टिकल्या लाव, नंतर लिखजो," सासूबाई म्हणाल्या.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशातले सगळे भाऊबंद आमच्या दोन खोल्यांत येऊन मावतात. पण देवीच्या प्रसादाचा रोट कुळातल्यांनीच खायचा, बाहेरच्याला कणही नाही. हिला त्याचीच धास्ती. आदल्या दिवशी मला म्हणाली, "वहिनी, वर्षभर तुमच्यात राहिले. उद्या मला बाहेरची म्हणून उठवलं, तर मी कोणत्या तोंडाने लिहू?" मला फार वाईट वाटलं. पण सासूबाईंपुढे माझं काय चालणार?

दुसऱ्या दिवशी आरती झाली. रोट निघाले तशी ही कुणी सांगायच्या आत उठली आणि ओट्यावर जाऊन बसली. तोंड एवढंसं झालेलं. तिथे माझी नणंद आधीच पाय पसरून बसली होती.

सासूबाई दोन ताटं घेऊन बाहेर आल्या. पुऱ्या आणि खीर. एक नणंदेपुढे ठेवलं, एक हिच्यापुढे.

"आंडेरले बी देतस नही आम्ही. तुले कसं देऊ?"

आंडेर म्हणजे लेक. आमच्या घरात लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही रोट मिळत नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली ना! हिने डोळे पुसत पुसत ताट चाटूनपुसून साफ केलं. वर आणखी खीर मागितली, निर्लज्ज!

काम संपलं, ती पुण्याला गेली. यंदा कानबाईला सासूबाईंनी सवयीने पुन्हा दोन ताटं वाढली. नणंदेने दोन्ही वाट्या खीर संपवली आणि मला फोन लावायला सांगितला. "तुझ्या वाटची मीच खाल्ली," असं तिने ऐकवलं, तर पलीकडे ही रडायलाच लागली.

सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"रडू नको. पुढला वरीसले ये. रोट देत नही, पण ये."