जिभवाले काका

चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारे काका एकटेच राहत. दर रविवारी दुपारी ते हौशी बिअरवाल्यांच्या बैठकीला जात. छोट्या कारखान्यांतल्या सहा बिअर तिथे बिननावाच्या ग्लासांत मांडलेल्या असत आणि कोणती कुठली, हे काका एका घोटात ओळखत. म्हणून सगळे त्यांना ‘जिभवाले काका’ म्हणत. खरं नाव अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मध्यंतरी काकांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात जवळच्या माणसाचा नंबर मागितला, तेव्हा बराच विचार करून त्यांनी बैठकीच्या यजमानाचा दिला. भेटायला कुणी आलं नाही.

दोन महिन्यांनी ते पुन्हा बैठकीला गेले.

“होता कुठे काका? तुमच्यावाचून सगळं अळणी झालं होतं,” यजमान मनापासून म्हणाला. मग हसत सांगू लागला, “मध्ये हॉस्पिटलातून फोन आला. कुणी गृहस्थ ॲडमिट आहेत म्हणे. मी सांगितलं, या नावाचं आमच्या ओळखीत कुणी नाही.”

“काय नाव होतं?” काकांनी विचारलं.

“आता कुठलं आठवायला! ही घ्या, ही इतकी कडू का लागते सांगा.”

काकांनी घोट जिभेवर घोळवला. “धान्य भाजताना जरा करपलंय,” ते म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या कागदावर तसं लिहून घेतलं.