सव्वीस खिडक्या

आम्स्टरडॅमजवळच्या डीमनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक ज्यू आजोबा राहतात. निवृत्त शिक्षक, एकटेच. लिफ्टमधल्या ओळखीवर त्यांनी मला हिब्रू अक्षरं शिकवायला घेतली. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. शब्दातल्या आकड्यांची बेरीज करायची आणि तिच्यात अर्थ शोधायचा. देवाच्या नावातली चार अक्षरं म्हणजे दहा, पाच, सहा, पाच. बेरीज सव्वीस. जुनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, बांधताना खांब, पायऱ्या, खिडक्या अशा आकड्यांवर बेतायचे, असं ते सांगत आणि लगेच म्हणत, "काही ठिकाणी. सगळीकडे नाही."

मला मात्र सगळीकडेच दिसायला लागलं. मराठी मंडळाने मंदिरं आणि आकडे यावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी आजोबांना घेऊन आम्स्टरडॅममधल्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये गेले. खिडक्या दोघांनी मिळून मोजल्या. चोवीस भरल्या.

स्लाइडवर मी सव्वीस लिहिलं. दोनच तर कमी होत्या, आणि चोवीसवर माझं भाषण जमत नव्हतं. ऑफिसात दुसऱ्यांच्या रिपोर्टमधल्या चुका शोधणं हे माझं काम आहे.

आजोबा कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मराठी कळत नव्हतं, पण पडद्यावरचा आकडा कळला. भाषण संपल्यावर एका बाईंनी त्यांना इंग्रजीत विचारलं, "तुम्हीही मोजल्यात?"

"हो, मिळून मोजल्या," ते म्हणाले आणि गोंधळून पडद्याकडे बघत राहिले.

परतताना ट्राममध्ये त्यांनी विचारलं, "त्या दोन कुठे होत्या? मला हल्ली नीट दिसत नाही."

"वरच्या बाजूला, कोपऱ्यात," मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पंधरा दिवसांनी ते दारात उभे. छत्रीतून पाणी गळत होतं. "दोनदा जाऊन आलो. मला चोवीसच सापडतात. रविवारी येऊन दाखवशील का?"

त्यांना आत बसवून मी चहा ठेवला आणि पाठमोरी असतानाच सगळं सांगून टाकलं. तोंडाकडे बघून सांगायचा धीर झाला नाही.

ते म्हणाले, "मला वाटलं, माझे डोळेच गेले. डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती."

मी माफी मागितली.

"चोवीसबद्दलही सांगण्यासारखं बरंच होतं," ते म्हणाले. "तू विचारलंच नाहीस."

त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर मी चूक कबूल केली. काहींनी अंगठे पाठवले. एकाने लिहिलं, दोन खिडक्यांनी काय फरक पडतो.

शिकवणी अजून चालू आहे. फक्त एखादी इमारत बघायला जायचं असलं, की आजोबा आता माझ्याऐवजी आपल्या मुलीला बरोबर नेतात.