धूळ ओढायची मशीन आणि सीतादही

मुकुटबनच्या कोकिळाबाईला कापसाचा राग होता. असा तसा नाही, पोटातून उठणारा. ज्या पिकावर घर उभं, त्याचाच राग कसा, असं गावातले पुरुष विचारत. त्यांना काय जातंय विचारायला! त्यांच्या उशाशी कोणी कापूस रचत नव्हतं.

तिचा नवरा विठ्ठलराव भाव चढल्याशिवाय कापूस विकत नसे. तोवर कापूस घरात. आधी समोरच्या खोलीत, मग झोपायच्या खोलीत, छताला टेकेपर्यंत. अंगाला खाज, नाकात तंतू, आणि खोकला तर पाचवीलाच पुजलेला. मुलाच्या, अमरच्या वेळी तिची बाळंतिणीची खाट चुलीजवळ पडली, कारण खोलीत कापूस होता. ती खाट कोकिळाबाई विसरली नव्हती, आणि विसरणारही नव्हती.

म्हणून नवं घर बांधायला काढलं तेव्हा तिनं एकच मागितलं. एक खोली, जिच्यात कापसाचं एक बोंडही येणार नाही. विठ्ठलराव म्हणाले, "पाहू." त्यांच्या पाहूचा अर्थ तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळला होता.

मशीनचं सुचवलं सुनेनं, अपेक्षानं. पोरगी नागपूरची, मनानं चांगली. सासूचा खोकला तिला ऐकवत नव्हता. प्लास्टर व्हायच्या आधी भिंतीत पाइप टाकायचे, खोलीखोलीत त्याचं एक तोंड ठेवायचं, मोटर मागच्या पडवीत. तोंडाला नळी लावली की धूळ थेट मागच्या डब्यात. सेंट्रल व्हॅक्यूम म्हणतात त्याला. पोटच्या पोराला जे सुचलं नाही ते सुनेला सुचलं, म्हणून कोकिळाबाईचे डोळे भरून आले.

पण खर्चाच्या नावानं बोंब मारणारे विठ्ठलराव एका झटक्यात हो म्हणाले, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

मशीनवाला नागपूरहून नकाशा घेऊन आला. विठ्ठलराव त्याला घरभर फिरवू लागले. "हे तोंड वर घ्या. खाली ठेवलं तं कापसात दबन. आन् या खोलीत दोन द्या."

ती खोली कोकिळाबाईची होती.

"इथं दोन कायले?" तिनं विचारलं.

"इथं कापूस जास्त राहीन ना. आता तुले काय अडचण हाय? धूळ तं मशीन ओढते. यंदा स्वैपाकघर सोडून समदं घर भरू."

मशीनवाला चाचरत म्हणाला, "काका, ही साध्या धुळीसाठी आहे. कापसाच्या तंतूंनी पाइप तुंबतील."

"तुंबले तं बायको हाय ना काढाले," विठ्ठलराव म्हणाले.

अपेक्षाचा चेहरा उतरला. "मामाजी, मी आईंसाठी म्हटलं होतं."

"मंग आईसाठीच तं लावून राह्यलो," ते म्हणाले, आणि पुढच्या खोलीत गेले. संध्याकाळी कोकिळाबाईनं त्यांचं ताट वाढलं आणि पायानं पुढं सरकवलं. इतक्या वर्षांत असं तिनं कधी केलं नव्हतं.

मग वेचणीचा दिवस आला. तोवर घर राहण्याजोगं झालं होतं, मशीनची मोटर तेवढी बसायची होती. वेचणी लागायच्या आधी वावरात, म्हणजे शेतात, सीतादही करतात. झाडाखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि घरच्या बाईनं पहिला कापूस ओटीत घ्यायचा. त्याशिवाय वेचणाऱ्या बाया बोंडाला हात लावत नाहीत. वेचणाऱ्यांची मुकादम भुरीबाई आपल्या बाया घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. कोकिळाबाई दह्याचं गाडगं मांडीवर घेऊन झाडाखाली बसली, ती बसलीच.

"कर ना," विठ्ठलराव म्हणाले. "ऊन चढून राह्यलं."

"आधी सांगा, हा कापूस कुठी जाईन."

"घरी. अजून कुठी?"

"मंग तुमीच करा."

ते हसले. कोणीच हसत नाही असं पाहून थांबले. "सूनबाई, तू कर."

अपेक्षा आली आणि सासूच्या शेजारी बसली. "मी नाही करणार, मामाजी."

विठ्ठलरावांचं डोकं सणकलं. त्यांनी गाडगं हिसकावलं, खडे कसेबसे मांडले, अर्धं दही सांडलं, आणि बोंडातला कापूस ओढून मुठीत धरला. "झालं. लागा आता."

एकही बाई वाकली नाही. भुरीबाई म्हणाली, "मालक, बाईच्या ओटीत नाई पडला तं आमी कसा तोडाव?"

"बायको होऊन वावर अडवतं?" ते कोकिळाबाईवर ओरडले. "लाज नाई वाटत?"

"बाळंतिणीची खाट चुलीजवळ टाकली तवा तुमाले वाटली होती काय?"

विठ्ठलरावांनी पांढऱ्या वावराकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. "वावरातच टिनाचं शेड टाकतो," ते पुटपुटले. "कापूस इथंच राहीन."

"मोठ्यानं बोला. बायांले ऐकू द्या."

दात खात त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मग कोकिळाबाईनं उरलेलं दही वाहिलं आणि पहिला कापूस ओटीत घेतला. बाया ओळीनं वावरात शिरल्या.

तो पहिला कापूस घरी देवापुढं ठेवायचा असतो. कोकिळाबाई नव्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आली, थांबली, आणि ओटी सोडून सगळा कापूस नवऱ्याच्या हातात दिला. "हा बी शेडातच ठेवा."

"आन् मशीनवाल्याले काय सांगू?" त्यांनी घुश्शात विचारलं.

"मशीन बी शेडातच लावा," ती म्हणाली. "तुंबली तं तुमी हाय ना काढाले."