मायसाठी लिहिलेले शेवट

आमच्या घरी पाहुणा आला की त्याच्या हातात पाण्याचा तांब्या जायच्या आधी आमच्यापैकी कुणीतरी विचारायचंच, "सध्या काय चाललंय?" पाहुणा बिचारा नोकरीचं सांगायला लागे, नाहीतर यंदाच्या केळीचं. आम्हाला ते नको असायचं. आम्हाला हवं असायचं पुस्तक. सध्या कोणतं चाललंय, कितव्या पानावर आहात, मध्ये कंटाळा आला का. ज्याला उत्तर देता यायचं नाही त्याच्या चहात माझी ताई साखर कमी टाकायची. ती आजही हे कबूल करत नाही, पण मी स्वतः पाहिलंय.

ती वर्षं भाषावार राज्यं नव्यानं आखण्याची होती. आमचं बऱ्हाणपूर जागचं हललं नाही, पण काल-परवापर्यंत आमची राजधानी असलेलं नागपूरच दुसऱ्या राज्यात गेलं. आमची राजधानी भोपाळ झाली आणि मलकापूरची मावशी बसल्या जागी परराज्यातली झाली. बाबा शिक्षक होते. त्यांच्या शाळेत मराठीचे वर्ग रोडावत चालले होते आणि त्यांना भूगोल हिंदीतून शिकवायला सांगितलं होतं. त्यामुळे त्या वर्षी बाबांचं काय चाललंय, तर हिंदी भूगोल. अंगणात फेऱ्या मारत ते पठारं आणि नद्या पाठ करायचे. दादाचं चाललेलं असायचं स्टेशनवरून आणलेलं हिंदी जासुसी पुस्तक. ताई वाचनालयातलं मराठीचं एकुलतं एक कपाट संपवायला निघाली होती. मी धाकटी, म्हणजे ज्याच्या हातातून पुस्तक सुटेल ते माझं.

पण घरातली सगळ्यात मोठी पुस्तकवेडी होती माय, आणि तिला वाचता येत नव्हतं. ती तापीपलीकडच्या, जैनाबादकडच्या शेतकरी घरातली. शाळेची पायरी चढलेली नव्हती. भाकरी थापता थापता ती एकेकाला हाक मारायची, "ये, बस. मले सांग पुढं काय झालं ते." आणि आम्ही चुलीपाशी बसून आपापलं पुस्तक तिला सांगायचो. चार माणसांची चार पुस्तकं तिच्या डोक्यात एकाच वेळी चालायची आणि कधी गल्लत व्हायची नाही. उलट आम्हीच विसरायचो. "त्या वकिलाची बायको माहेराहून आली का नाही अजून?" असं ती ओट्यावरून ताईला ओरडून विचारायची. शेजारच्या भाभींची कितीतरी दिवस समजूत होती की आमचे कुणी वकील नातेवाईक आहेत आणि त्यांच्या घरात काही ठीक चाललेलं नाही.

 माझ्या पाठची बहीण साडेतीन वर्षांची असताना तापानं गेली. मी सात वर्षांची होते. त्यानंतर वर्षभरानं दादा चुलीपाशी बसून एक गोष्ट सांगत होता आणि सांगण्याच्या भरात त्यानं गोष्टीतलं एक पोर नदीत बुडवलं. माय तव्यावर भाकरी तशीच टाकून मागच्या अंगणात जाऊन बसली. भाकरीचा कोळसा झाला. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी आम्हा तिघांना बोलावलं. म्हणाले, "यापुढे ह्या घरात, मायसमोर, कुठल्याही पुस्तकातलं मूल मरणार नाही."

आम्ही आज्ञा पाळली, पण आपापल्या अकलेनं. त्यामुळे घोटाळे झाले. एकच पुस्तक दादानं आणि ताईनं पाठोपाठ वाचलं. दादाच्या सांगण्यात आजारी मुलगा बरा होऊन सैन्यात गेला, ताईच्या सांगण्यात तोच मुलगा बरा होऊन पेढीवर बसला. माय म्हणाली, "एका पोरानं किती कामं करावी?" त्या दिवशी बाबांनी चिठ्ठ्यांची पद्धत काढली. ज्या पुस्तकात तसलं काही असेल त्याच्या शेवटच्या पुठ्ठ्यात बाबांच्या हातची एक चिठ्ठी असायची. मायला सांगायचा शेवट त्यात लिहिलेला. पुस्तक कुणीही वाचो, सांगायचं चिठ्ठीतलं. त्यातल्या काही मला अजून पाठ आहेत. "मुलगा बरा होतो. मामाकडे राहायला जातो." "बोट बुडते, पण मुलं आधीच्या बंदरावर उतरलेली असतात." व्याकरण शुद्ध, अक्षर वळणदार, आणि सगळी मुलं सुखरूप.

एक पुस्तक मात्र बाबांनी कुणाला सांगू दिलं नाही, स्वतः वाचून दाखवलं. भुसावळहून नवंकोरं आणलेलं होतं. एका नावाड्याची आणि त्याच्या लहान मुलीची गोष्ट. दर रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर एक प्रकरण. माय वाती वळत ऐकायची. ती पोर नावेत बसून बापाला प्रश्न विचारून भंडावून सोडायची आणि माय हसून हसून बेजार व्हायची. पुढे पोर तापानं पडली. त्या रविवारी मी बाबांकडे बघत राहिले. बाबांनी डोळे पुस्तकातून न काढता वाचलं की पहाटे ताप उतरला, पोरीनं भात मागितला, आणि पाऊस संपल्यावर ती शाळेत जायला लागली. माय उठली आणि तिनं रव्याचा शिरा केला. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरगी उठली ना दुखण्यातून."

बाबांनी पुस्तक कपाटावर टाकलं आणि आम्हाला बजावलं, हे कुणी वाचायचं नाही. आम्ही काय ते समजलो.

वर्षभरानं आमच्या मोहल्ल्यात बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. नवं राज्य, नवा उत्साह. दुपारी शिकवायला एक बहेनजी यायच्या. भाभींनी मायला ओढून नेलं आणि माय गेली ती गेलीच. पाटी-पेन्सिल पदराखाली लपवून जायची, नव्या सुनेसारखी लाजत. ताईला आणि मला काही काळजी वाटली नाही. आमचं शहाणपण असं की वर्ग तर हिंदीचा आहे, मराठी पुस्तकं तिला कशी वाचता येतील? मी अकरा वर्षांची होते, मला माफ आहे. ताई मॅट्रिकला बसणार होती, तिला नाही. अक्षरं तीच आहेत हे आमच्या लक्षात आलं ते एका संध्याकाळी मायनं ताईच्या हातातल्या कादंबरीचं नाव, समोर बसून, मोठ्यानं वाचलं तेव्हा.

आम्ही आनंदानं ओरडलो. दादानं तिला उचलायचा प्रयत्न केला. बाबांचे डोळे भरून आले. मग माय म्हणाली, "आता पहिलं पुस्तक मी नावाड्याच्या पोरीचंच वाचीन. माझं मी. कोणी सांगाचं नाही मले."

दादाला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय पाणी भरायला गेल्यावर अंगणात सभा भरली. दादा म्हणाला, शेवटची पानं फाडून टाकू, उंदरांचं नाव सांगू. ताई म्हणाली, पुस्तक मावशीकडे मलकापूरला पाठवून देऊ, परराज्यातून काही परत येत नाही. मी म्हणाले, मायला खरं सांगू. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बाबा शेवटी म्हणाले, "पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही. तिनं वाचायला मागितलंय. आयुष्यभर मास्तरकी केली, आता बायकोच्या हातातलं पुस्तक काढून घेऊ?" त्यांनी कपाटावरून पुस्तक काढलं, धूळ पुसली, पुठ्ठ्यातली चिठ्ठी काढून खिशात घातली आणि पुस्तक मायच्या पाटावर ठेवून शाळेत गेले.

पुढचे तीन महिने आमच्या घरात सगळ्यांचं एकच पुस्तक चालू होतं. माय दिवसाला एक पान वाचायची, बोट ठेवून, ओठ हलवत. खूण म्हणून केळीच्या सोपटाची, म्हणजे वाळक्या सालीची, एक पट्टी. जेवताना आम्ही चौघं चोरून ती पट्टी बघायचो, पुस्तकात कुठवर सरकलीय ते. पुराच्या दिवसांत घाटाच्या पायऱ्या मोजतात तसं. अडलेला शब्द सांगायला मी दुपारी तिच्याजवळ बसायचे, आणि खरं सांगते, मी बेईमानी केली. ती पाणी भरायला गेली की पट्टी चार पानं मागे सरकवायचे. दोनदा चाललं. तिसऱ्यांदा माय म्हणाली, "हे पान तिसऱ्यांदा येऊन राह्यलं. लिहिणाराले विसरभोळेपणा हाये, का तुले?" मी पुन्हा हात लावला नाही.

पोर तापानं पडली त्या प्रकरणाशी माय आली त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. ती नेहमीपेक्षा भराभर वाचत होती. तिला ठाऊकच होतं, पहाटे ताप उतरणार. पान उलटलं आणि थांबली. "पोरी, हे काय हाये? हे पानं जुडेल आहेत."

मी पुस्तक हातात घेतलं. त्या काळी काही पुस्तकं छापखान्यातून तशीच यायची, पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या. वाचणारा सुरी घेऊन एकेक पान मोकळं करत पुढे जायचा. आधीची सगळी पानं बाबांनी कापलेली होती. शेवटची आठ तशीच होती. कुणी ती उघडलीच नव्हती.

मला आधी काही कळेना. मग एकदम कळलं आणि मी रडायला लागले.

"मंग त्या रविवारी तुझे बाबा काय वाचत होते?" मायनं विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. दादाचं बुडालेलं पोर, बाबांची आज्ञा, चिठ्ठ्या, बंदरावर उतरलेली मुलं. सांगताना मला रागही येत होता, इतकी वर्षं मला हे पोटात ठेवायला लावलं म्हणून. माय ऐकत होती. मला वाटलं आता ती उठून मागच्या अंगणात जाईल. ती नाही गेली. जोडलेल्या कडांवरून बोट फिरवत राहिली.

"माझ्यासाठी केलं म्हणतेस सगळं," ती म्हणाली.

"हो. तुझ्यासाठीच."

"चिठ्ठ्या माझ्यासाठी. पण हे पानं?" तिनं माझ्यापुढे पुस्तक धरलं. "हे उघडाले तर कोणी अडवलं नव्हतं त्यायले. त्यायचीच हिंमत नाही झाली." मग जरा वेळानं म्हणाली, "आपली गेली तवा तिसऱ्या दिवशी शाळेत गेले होते शिकवाले. मी म्हणे, कसा दगड आहे हा माणूस. चार वर्षं मनात धरून बसली मी."

बाबा पाचच्या सुमारास आले. हात-पाय धुऊन घरात आले तर माय पाटावर बसलेली, मांडीवर पुस्तक, हातात भाजीची सुरी. त्यांनी पुस्तक पाहिलं, मला पाहिलं, आणि दारातच उभे राहिले.

"बसा," माय म्हणाली. ते बसले.

तिनं पानं कापली. सवय नव्हती, एक कडा वेडीवाकडी फाटली. मग तिनं बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द सुटा करत, मध्ये थांबत, हिंदीच्या वर्गातल्या हेलात. रात्री ताप वाढला. नावाडी वैद्याला आणायला पलीकडे गेला. नदीला पाणी होतं. मी बाबांकडे बघत होते. ते जमिनीकडे बघत होते आणि धुऊनही नखांत राहिलेला खडू कोरत होते. बाप परत येतो तिथपर्यंत माय आली. पुढची ओळ तिनं मनात वाचली असावी, कारण तिचं बोट पुढे गेलं आणि आवाज आला नाही. तिनं दोनदा प्रयत्न केला. मग पुस्तक बाबांच्या हातात दिलं.

"आता तुम्ही वाचा," ती म्हणाली. "जसं आहे तसं."

बाबांनी चष्मा पुसला. परत पुसला. आणि वाचलं. पोर गेली होती. नावाड्यानं तिला नावेत घेतलं होतं, ती आवडीनं बसायची त्याच जागी. बाबांनी एक शब्द गाळला नाही, एक शब्द पदरचा घातला नाही. आवाज फाटला तरी थांबले नाहीत. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

मग त्यांनी माझ्या बहिणीचं नाव घेतलं. ती गेल्यापासून त्यांच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलं नव्हतं. आतल्या खोलीत खेळणाऱ्या पोरीला हाक मारावी तसं घेतलं, दोनदा. मी वेडी, आतून ओ येते का ते ऐकत राहिले. बाबा हमसून हमसून रडत होते. मायनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "घेत जा तिचं नाव. मीही घेत जाईन."