कोसमटोला नकाशात होतं

रविवारी आमच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये माझा आवाज इतका चढला, की रस्त्यावरून जाणारे लोक हॉलमध्ये डोकावून बघायला लागले. आज बुधवार. राग अजून उतरला नाही, म्हणून लिहून राहिले...

आमची कॉलनी जबलपूरच्या एका फॅक्टरीमागे. सासरे फॅक्टरीत होते, तेव्हापासून आम्ही इथे. कॉलनीच्या टोकाला चिंचेखाली खेरमाईचा, म्हणजे गावदेवीचा ओटा आहे आणि शेजारी एक जुनी विहीर. दर नवरात्रात पलीकडच्या वस्तीतल्या बायका डोक्यावर जवारे, म्हणजे टोपल्यांत उगवलेले गव्हाचे कोंब घेऊन, गात गात तिथे येतात.

या वर्षी नव्या कमिटीने मध्ये भिंत घातली, गेट लावलं आणि कुलूप ठोकलं. काहून? तर "ये लोग पूजा के बहाने कब्ज़ा करते हैं!"

बायका उन्हात गेटाबाहेर ताटकळल्या. सगळ्यांत पुढे वस्तीतल्या फुलमती अम्मा, नव्वदीला टेकलेल्या, पाठ पार वाकलेली. त्यांनी गजांतून आत बघितलं, जवारे तिथेच रस्त्यावर ठेवले, हात जोडले आणि परत फिरल्या.

मी शाळेत भूगोल शिकवते. जुन्या टोपोशीट, म्हणजे सरकारी मोजणीचे बारीक नकाशे, जमवायचा मला नाद आहे... सुट्टीत त्या घेऊन आसपासची खेडी हिंडते, बुजलेली तळी आणि मोडलेल्या वाटा शोधते. पण स्वतःच्या घराखाली काय होतं, हे बघायचं कधी सुचलंच नव्हतं. त्या संध्याकाळी लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची शीट काढली आणि मोबाईलवरच्या सॅटेलाइट फोटोशेजारी ठेवली.

रेल्वेलाइन जुळली. नाल्याचं वळण जुळलं. आणि आमची कॉलनी जिथे आहे, तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं... कोसमटोला. घरांचे लाल ठिपके, विहिरीचा निळा गोल, देवळाची खूण. सभोवती सगळा पिवळा रंग, म्हणजे कसलेली जमीन. आणि आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो, की इथे नुसतं जंगल होतं!

दुसऱ्या दिवशी अम्मांकडे गेले आणि गावाचं नाव घेतलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "आपको किसने बताया?" मी म्हटलं, नकाशाने. मग कळलं, त्यांना तिथूनच उठवलं होतं. मीटिंगला याल का, विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या.

बड़ा फुहारा बाजारातल्या दुकानातून शीटचे मोठे प्रिंट काढले. एक लढाईच्या आधीचा आणि एक नंतरचा. मला वाटलं, दोन्ही शेजारी ठेवले की सगळं आपोआप दिसेल.

कमिटीच्या सचिव महाशयांनी पहिला प्रिंट बाजूला सारला आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. तिथे कोसमटोला नव्हतं, पिवळा रंगही नव्हता. कोरा कागद. "मैडम, आपका ही नक्शा बोल रहा है. खाली ज़मीन थी." चार लोक हसले.

माझा आवाज चढला तो इथे. अहो, लोकांना उठवलं म्हणून खाली झाली ना जमीन! आधी माणसं काढायची, मग नकाशातून नाव काढायचं, आणि मग तोच नकाशा त्यांच्याच तोंडावर मारायचा? मी काय काय बोलले, मला नीट आठवतही नाही. सचिव मोबाईलमध्ये बघत बसले होते.

तेवढ्यात अम्मा उठल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून, अगदी हळू बोलल्या.

"नापने वाले आए थे साहब, लड़ाई के दिनों में. हम छोटे थे. उनकी झंडी हमारे बप्पा ने पकड़ी थी, खेत-खेत घूमे उनके साथ. हम समझे, सड़क बन रही है. अम्मा ने उसी कुएँ से पानी पिलाया उनको, रोटी खिलाई."

मग म्हणाल्या, "फिर बोले, खाली करो, कारखाना बढ़ेगा. गेहूँ खड़ा था. काटने नहीं दिया."

ज्यांनी झेंडी धरली, पाणी पाजलं, त्यांनाच उभं पीक सोडून जायला लावलं... आणि आज त्यांनाच कब्जा करणारे म्हणायचं?

सचिव म्हणाले, "अच्छा, अगली मीटिंग में देखेंगे."

तेव्हा आमच्या शेजारच्या नलूकाकू उठल्या. मूळच्या नागपूरच्या, एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. "काहून अडवून राहिले तुम्ही त्यांना?" तिथल्या तिथे हिंदीत वळल्या, "चलो भैया, चाबी निकालो. हम सब चल रहे हैं गेट पर." आणि खरंच निघाल्या. मागून कॉलनीतल्या बायका निघाल्या, मग काही पुरुषही. एवढ्या लोकांपुढे सचिव काय करणार? कुलूप उघडलं.

अम्मांनी ओट्यावर पाणी घातलं, डोकं टेकवलं. मग ओट्याच्या कडेला बसून म्हणाल्या, "बेटी, वो कागज़ दिखा."

मी जुना प्रिंट त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांचं बोट धरून विहिरीवर ठेवलं, मग खेरमाईवर. त्यांनी विचारलं, "और हमारा घर?"

नकाशात घरं असतात, कोणाची ते नसतं. मला सांगता येईना. अम्मा त्या लाल ठिपक्यांवरून बोट फिरवत गेल्या. मग विहिरीच्या खालच्या बाजूच्या एका ठिपक्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "ये." आणि ते बोट त्यांनी कितीतरी वेळ उचललंच नाही.

पन्नासच्या वर घरं आहेत आमच्या कॉलनीत. शिकलेली, वाचणारी माणसं. या बाईला आपण दर वर्षी आपल्या घरांसमोरून जाताना बघत होतो... आणि तुमचं घर कुठे होतं, हे तिला आजवर आपल्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.