गाडीची अर्थिंग

मला करंटाची लई भीती. मिक्सरचं बटण मी अजून बी लाटण्यानं दाबते.

त्यात कपडे धुवायच्या मशीननं एकदा झटका दिलता. तवा ह्यांनी अंगणात खड्डा करून अर्थिंग केली, अन् मला काम लावलं, रोज तिथं मिठाचं पाणी ओतायचं. (तुळशीला एखादेवेळी विसरते, अर्थिंगला न्हाई!)

तर त्या दिवशी आम्ही रेणापूरहून लोह्याला, माझ्या माहेराला निघालो. लहान बहिणीचा साखरपुडा. अन् पहिल्यांदाच आमची गाडी! जुनी, पण आमची! मांडीवर माझं पिल्लू झोपलेलं, बाहेर तुरी फुलून पिवळ्या, माझे डोळे अर्धे मिटलेले. सपान बघून राहिले... गाडी दारात थांबती, दरवेळी "एस्टीनंच आलीस का गं?" म्हणून टोचणारी वहिनी बाहेर येती, तोंडाचा आ करती...

तेवढ्यात ह्यांनी हॉर्न दाबला अन् वायपर हलला!

वायपर लावला तर दिवे मिचमिचले. मग गाडी कण्हली अन् बंदच!

"काय झालं वो?"

"अर्थिंग ढिली झाली वाटतं." ह्यांनी बोनट उघडून मुंडकं आत घातलं.

म्हणजे आता झटका बसणार! लोखंडाची गाडी, मांडीवर लेकरू! मी पिल्लाला घेऊन बाहेर उडीच मारली. मागं सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, बसलेल्या.

"आत्याबाई, उतरा! कशाला हात लावू नका!"

"मग काय उडून येऊ?" त्या खाली आल्या अन् म्हणल्या, "अगं, घरी काय करतीस? तेच कर की!"

खरंच की! डिकीत माहेरच्या म्हशीसाठी घेतलेली साखळी अन् लोखंडी मेख पडलेली. पिल्लू आत्याबाईकडं दिलं. पदरात धरून साखळीचं एक टोक गाडीच्या मागच्या हुकाला अडकवलं, मेख दगडानं मातीत ठोकली. मीठ कुठलं आणायचं? पिल्लाचं पोट बिघडलेलं, म्हणून बाटलीत मीठ-साखरेचं पाणी होतं. ते मेखेला पाजलं.

शेवटचा थेंब पडला अन् हॉर्न वाजला! खणखणीत!

"झालं गं! बसा!" हे पुढून ओरडले.

गाडी माझ्या पाण्यानं सुरू झाली, हे ह्यांना सांगितलं न्हाई. (पुरुषाला वाईट वाटतं!) गुपचूप बसले, डोळे मिटले. मागं कुठंतरी खुळखुळ वाजत होतं. मला वाटलं, सपनात साखरपुड्याचा बँड आलाय.

लोह्यात शिरलो तर हुबेहूब सपान! गल्ली बाहेर आलेली, लोकं हात करून राहिले. मी बी हात हलवला. वहिनीनं तर खरंच तोंडाचा आ केला!

"अगं बाई, गाडी काय दावं तोडून आली का गं?"

मागं बघते तर साखळी अन् मेख, गाडीमागं फरफटत आलेली! मीच पाणी घालून माती मऊ केली, मग राहती व्हय ती?

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, गाडीला जमीन लागत न्हाई! बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्यालाच बसवतात, तीच तिची अर्थिंग! तिचा बोल्ट ढिला होता, मी आवळला."

"अन् मी मेखेला पाजलेलं मीठ-साखरेचं पाणी?"

"ते पिल्लाला पाजायचं असतं!"

वहिनी हसून हसून उंबऱ्यातच बसली. पण खोटं कशाला बोलू? लोह्यात लई जणी गाडीतून माहेरी आल्या असतील, अख्खी गल्ली बघायला बाहेर आली ती माझ्याच गाडीला!