थोरल्याचं तारण

आमच्या घरात ‘नशीब’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. सोनईजवळच्या एका खेड्यात वडील चर्चचे पाळक होते, आणि कट्टर कॅल्विनपंथी. कोण तरणार, म्हणजे स्वर्गात जाणार, नि कोण नाही, हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवलंय, माणसाच्या करणीने त्यात काडीचा फरक पडत नाही, असं ते शिकवत. हे नशिबापेक्षा वेगळं कसं, ते मला आजवर कुणी धड समजावून दिलेलं नाही.

थोरला भाऊ तर तोंडावर म्हणायचा, “आधीच ठरलंय ना? मग मी रविवारी झोपतो.” त्याने उपासनेला यायचं सोडलं. तरी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत वडील आम्हा सगळ्यांची नावं घेत, आणि त्याचं सर्वांत आधी.

बहात्तरच्या दुष्काळात तो विहिरीच्या कामावर गेला. सुरुंगाचा दगड डोक्यात बसला आणि जागीच गेला. त्याला पुरलं त्या संध्याकाळी प्रार्थनेतली नावं माझ्यापासून सुरू झाली. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, असा आमचा नियम. आईला तो ठाऊक होता, तरी ती ताडकन उठली.

“त्यो तरला का न्हाई, एवढं सांगा.”

“ते देवालाच ठाऊक,” वडील म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. एकदा खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

“मग माजं बी नाव घेऊ नका. पोरगं जिथं असंल, तिथं मला जायाचंय.”

“ते तुझ्या हातात नाही.”

“बगू की,” आई म्हणाली.

पुढच्या प्रभुभोजनासाठी मनुका तिनेच भिजवल्या, रसही तिनेच गाळला. ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून प्यायचा द्राक्षारस आमच्याकडे तोच. रविवारी पेल्यांचं तबक आलं, तेव्हा तिने पेला न उचलता ते माझ्याकडे सरकवलं. प्रभुभोजन नाकारतो तो तरणाऱ्यांतला नाही, हे वडिलांनीच आम्हाला शिकवलेलं. मी पेला घेतला.

आमच्या मंडळीत पाळक सर्वांत शेवटी घेई. वडिलांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि आईकडे पाहिलं. मग त्यांनी तो भरलेलाच मेजावर ठेवला आणि आशीर्वाद द्यायला हात वर केले.